प्रतिसाद : ‘-नीस’ने संपणारी आडनावे

‘-कर’ने संपणारी मराठी आडनावे गावांवरून आली, हे मूळ लेखातील विवेचन बहुतांशी मान्य आहे; त्याला ‘-नीस’ने संपणाऱ्या आडनावांची जोड द्यावीशी वाटते. फडणीस, चिटणीस, पोतनीस, वाकनीस या सर्वांच्या शेवटी फारसीतील ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, हा शब्द आहे आणि ही मुळात सरकारी दफ्तरातील, म्हणजे कचेरीतील, पदे होती. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास वाकनिसाला (घडामोडींची नोंद ठेवणाऱ्याला) मंत्री, सुरनिसाला (पत्रव्यवहार पाहणाऱ्याला) सचिव, तर मुजुमदाराला (हिशेब पाहणाऱ्याला) अमात्य अशी संस्कृत नावे मिळाली, तरीही लोकांच्या आडनावांत जुनी फारसी नावे टिकून राहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण राजभाषा बदलली म्हणून घराण्याची ओळख बदलतेच असे नाही.

पदाने मूळ आडनाव झाकले जाण्याचे ठळक उदाहरण म्हणजे नाना फडणवीस. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. पेशव्यांचे मूळ आडनावही भट होते. त्यामुळे केवळ आडनाव सारखे आहे एवढ्यावरून दोन घराण्यांचा मूळ पुरुष एक ठरवणे योग्य नाही, कारण एकच पद निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या कुळांकडे असे.