मदत हवी आहे: भिंत गुण्यात (काटकोनात) नाही, शिवाय पोट (खोलीच्या बाजूला फुगवटा) आलंय, लॅमिनेटची पहिली रांग कशी धरावी?

खोलीची लांबी 4.2 मीटर. रुंदी डावीकडे 3112, मधोमध 3096, उजवीकडे 3078 मिमी. दारासमोरच्या भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सूत ताणलं की मध्यभागी 12 मिमी पोट दिसतं. फळी क्लिक-लॉकची (कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत अडकवून बसवायची), 8 मिमी जाड, 192 मिमी रुंद. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) 15 मिमी जाड. फरशी 2 मीटरच्या पट्टीने तपासली, उंचसखलपणा 2 मिमीच्या आत आहे. पहिली रांग भिंतीच्या वळणाने नेली तर चालेल का? की सरळ लावून फट स्कर्टिंगखाली झाकू?

प्रतिसाद 1

वळणाने अजिबात नेऊ नका. फळ्या एकमेकींशी किंचित कोनात बसतात, आखूड बाजूंचे सांधे उघडतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत लॉक बसेनासं होतं. मग ठोकाठोकीत लॉकची कड तुटते. नुसतं झाकूनही भागणार नाही: पोटाशी फळी फुगायला 10 मिमी जागा सोडली की कोपऱ्यांत ती 22 होते, पट्टी मात्र 15 ची.

आधी रांगांचा हिशोब करा. दोन्हीकडे 10 मिमी सोडले की उरतात 3092, 3076 आणि 3058. अख्ख्या फळीने सुरुवात केलीत तर डाव्या टोकाला सोळा रांगांनंतर 20 मिमीची चिंधी उरेल, उजवीकडे सोळावी रांगच कापावी लागेल. म्हणून 15 रांगा अख्ख्या ठेवा (2880) आणि पहिली व शेवटची दोन्ही कापून घ्या.

दोन्ही कोपऱ्यांत भिंतीपासून 120 मिमीवर खूण करून रंगाची दोरी मारा. पहिल्या रांगेची खोलीकडची कड या रेषेवर येणार. पहिली रांग कोपऱ्यांत 110, पोटाशी 98 मिमी राहते. शेवटची डावीकडे 102, मध्ये 98, उजवीकडे 68. कुठेही 50 च्या खाली जात नाही, हे महत्त्वाचं.

आता पहिली रांग जोडून, तिची खोलीकडची कड रेषेच्या 90 मिमी पुढे, रेषेला समांतर ठेवा. बरोबर 100 मिमी रुंदीचा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवून सरकवत न्या, पेन्सिल त्याच्या दुसऱ्या कडेला धरून. भिंतीचं वळण जसंच्या तसं फळीवर उतरतं; कापून रांग 90 मिमी मागे रेषेवर आणली की भिंतीशी 10 मिमीच उरतात. ठोकळा तिरका होऊ देऊ नका. फळ्यांवर मागून क्रमांक टाका, मग सुट्या करून जिगसॉने कापा. पातं उलट्या दातांचं घ्या, म्हणजे वरचा थर उडत नाही. भिंतीकडची जीभ या कापणीतच जाते.

धागाकर्ता

हिशोब कळला. शेवटच्या रांगेलाही हाच ठोकळा वापरायचा का?

प्रतिसाद 2

नाही, तिथे फळीचाच तुकडा वापरा. शेवटची फळी आदल्या रांगेवर तंतोतंत ठेवा. जीभ कापलेला, 192 मिमी रुंदीचा तुकडा तिच्यावर ठेवून, 10 मिमीच्या पाचरीसह (फट राखणाऱ्या तुकड्यासह) भिंतीला टेकवा आणि सरकवत त्याच्या खोलीकडच्या कडेने रेघ ओढा. खोलीकडचा भाग ठेवायचा, भिंतीकडचा काढायचा. इथे हातोडा चालवायला जागा नसते, ओढपट्टी (फळी भिंतीकडून ओढून बसवायची आकडेदार लोखंडी पट्टी) लागेल.

पहिल्या दोन रांगा जोडल्यावर थांबा आणि सूत पुन्हा ताणून पाहा. त्या सरळ असतील तर पुढचं काम आपोआप सरळ जातं. पाचरी दर 50 सेंमीला ठेवा. कापणी नीट झाली असेल तर सगळ्या सारख्याच घट्ट बसतात, एखादी सैल लागली तर तिथली फळी जास्त कापली गेली आहे. आखूड सांध्यांमध्ये किमान 30 सेंमी अंतर हवं.

दाराच्या चौकटीभोवती फळीला खाच पाडत बसू नका, चौकटच खालून फळी अधिक अंडरलेच्या (फळीखालच्या पातळ थराच्या) जाडीइतकी कापा. उरलेला तुकडा अंडरलेवर ठेवून त्याच्यावर करवत आडवी धरली की उंची अचूक मिळते.

शेवटी पाचरी काढायला विसरू नका, आणि त्या फटीत फिलर भरू नका. दमट हवेत फळी फुगते. जागा अडली की जमीन मधोमध उचलली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही. पोटाच्या दोन्ही बाजूंना पट्टीच्या मागे जी फट दिसेल ती वरून ॲक्रिलिक सीलंटने भरा.