वादळाच्या मागे गाडी घालणाऱ्यांचा उपयोग काय?

मांद्रेची_बाय
नमस्कार. मी म्हापशाच्या कॉलेजात बीएस्सीला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्यासमोरून गेलं तेव्हा आमच्या घरामागचा माड तारांवर पडला. तेव्हापासून वादळांवर मिळेल ते वाचते. अमेरिकेत टोर्नेडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या वावटळीच्या, मागे गाड्या पळवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहते, तर बाबा म्हणतात, हा नुसता जिवाशी खेळ. खरंच तसं आहे का? रडार असताना माणसाने जवळ कशाला जायचं? आणि आपल्याकडे टोर्नेडो का होत नाहीत?

पर्वरीकर
बाबांचं ऐक. हल्ली निम्मे लोक व्हिडिओसाठीच धावतात आणि त्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबतात.

फोंडेकर
बाय, रडारचा प्रश्न नेमका विचारलास. नोकरीमुळे मी काही वर्षं अमेरिकेतल्या ओक्लाहोमात होतो. शेजारी स्वयंसेवक स्पॉटर, म्हणजे वादळ डोळ्यांनी बघून कळवणारा होता, मे महिन्यात त्याच्याबरोबर जायचो. रडारचा किरण जरा वर तिरपा सोडलेला असतो, त्यात खालची जमीन वळत जाते. १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर वरून जातो. ढगात फिरणारी हवा त्याला दिसते, पण ती जमिनीला टेकली का, हे दिसत नाही. ते कुणीतरी डोळ्यांनी बघून कळवावं लागतं.

आम्ही लांब उभे असायचो. दमट वारा पाठीमागून ढगाकडे ओढला जायचा, शेतातलं गवत सगळं त्याच बाजूला झुकलेलं. शेजारी रेडिओवर मोजकंच बोलायचा: आपण कुठे आहोत, कुठे बघतोय, ढगाच्या तळाशी लोंबणारा काळा भाग फिरतोय की नुसताच लोंबतोय. पुढच्या गावात भोंगा वाजवायचा का, हे ठरवणाऱ्यांना तेवढं हवं असायचं.

टोर्नेडोच्या वाटेवर यंत्रं ठेवून मोजमाप घेणाऱ्या टिम समरासचं नाव शोधून वाच. त्याचं यंत्र म्हणजे एक बसका शंकू, वीतभरही उंच नाही, वजन वीसेक किलो. २४ जून २००३ ला साउथ डकोटात मँचेस्टरजवळ त्याने ते टोर्नेडोच्या वाटेवर ठेवलं आणि तिथून निघाला. टोर्नेडो वरून गेला आणि हवेचा दाब १०० मिलीबारने उतरल्याची नोंद मिळाली. हे लांबून मोजता येत नाही. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रीनोजवळ टोर्नेडोत सापडून तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघेही गेले. तो टोर्नेडो बघता बघता ४.२ किलोमीटर रुंद झाला, दिशा बदलून वेगाने वळला. समरास जपून काम करणारा म्हणून ओळखला जायचा. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हा बाबांची भीती खरी आहे, 'नुसता खेळ' हे मात्र मला मान्य नाही.

आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सत्तरी तालुक्यावरून काळे ढग येतात, त्यांत बाष्प आणि उष्णता भरपूर असते. कमी पडतो तो खालच्या-वरच्या वाऱ्यातला फरक. तिकडे खाली मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा, वर पश्चिमेकडून जोराचा. त्या फरकाने हवेला आडवा पीळ पडतो आणि ढगात वर जाणारा झोत तो पीळ उभा करतो. तौक्तेसारख्या चक्रीवादळाला उलट असा फरक सोसत नाही. पण उपखंड यातून सुटलेला नाही. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात सातुरियाच्या टोर्नेडोने सुमारे १३०० जीव घेतले.

कुटबणचा
आम्ही ट्रॉलरवरून पाण्यावर सोंड उतरलेली पाहिलीय. तांडेल लगेच ट्रॉलर आडवा काढतो. तोही टोर्नेडोच का?

फोंडेकर
त्याला जलस्तंभ म्हणतात. बहुतेक जलस्तंभ साध्या वाढत्या ढगाखाली बनतात, जमिनीवरच्या मोठ्या टोर्नेडोपेक्षा कमजोर, पण होडी उलटवायला पुरेसे. तांडेल करतो तेच बरोबर, त्याच्या वाटेशी काटकोनात निघायचं. पुढच्या वेळी सुखरूप लांब आलात की वेळ, जीपीएसवरची जागा आणि सोंड कुठे सरकत होती एवढं लिहून पणजीत आल्तिनोच्या हवामान कचेरीला कळवा.

मांद्रेची_बाय
देव बरें करूं, सर. बाबांना दाखवते.