मदत हवी आहे: मुलीचा जीएमएफएम (हालचालींच्या क्षमतेची चाचणी) स्कोअर ५८ वरून ५१ वर, ती मागे पडतेय का?

लेक साडेचार वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींना अडचण), त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू कडक. वॉकर धरून घरभर हिंडते, हात सोडून उभी राहते ती जेमतेम आठ-दहा सेकंद, तेही तिची मर्जी असेल तर. जीएमएफसीएस (मूल कितपत फिरू शकतं याच्या १ ते ५ पातळ्या, ५ म्हणजे सर्वांत जास्त अडचण) पातळी ३ सांगितली आहे.

सहा महिन्यांपूर्वी स्कोअर ५८ होता. मागच्या आठवड्यात नव्या फिजिओथेरपिस्टनी तपासलं तर ५१. मला तर ती सुधारलेली दिसते, आता गुडघ्यावर उभी राहते. मग आकडा घटला कसा? पातळी ४ वर जाईल का? दोन रात्री झोप नाही.

प्रतिसाद १
लहान मुलांची फिजिओथेरपी करते म्हणून लिहिते. या चाचणीचे दोन प्रकार आहेत, ८८ कृतींचा आणि ६६ कृतींचा; आधी दोन्ही कागदांवर ८८ आहे की ६६ ते बघा. ८८ कृतींच्या चाचणीत झोपणं-कुशीवर वळणं, बसणं, रांगणं-गुडघ्यावर उभं राहणं, उभं राहणं, चालणं-धावणं-उड्या या पाच भागांची टक्केवारी काढून सरासरी घेतात. ६६ च्या चाचणीत कृती किती अवघड आहे हे धरून संगणक गुण काढतो, ते टक्के नव्हेत. एकाच मुलाचे, एकाच दिवशीचे हे दोन आकडे वेगळे येऊ शकतात. दुसरं, ६६ अनवाणी आणि आधाराविना करतात. ८८ स्प्लिंट (पायाला बांधायचा आधार) किंवा वॉकरसह वेगळी नोंदवता येते.

पातळी म्हणजे गुण नव्हे. रोजच्या जगण्यात मूल स्वतःहून कसं फिरतं, यावर ती ठरते. सात गुणांनी ती बदलत नाही. मात्र पाय जास्त कडक वाटले, मांडीच्या सांध्यात दुखलं किंवा येत असलेलं काही सुटलं, तर डॉक्टरांना दाखवाच.

प्रतिसाद २
'० गुण' आणि 'तपासलं नाही' यातला फरकही विचारा. आमच्या चिरंजीवांनी पायऱ्या बघूनच बसकण मारली होती. ८८ मध्ये न तपासलेल्या कृतीला शून्यच धरतात, ६६ मध्ये ती वेगळी नोंदवायची सोय आहे.

धागाकर्ती
जुना कागद सापडला! ८८ ची चाचणी, कोपऱ्यात 'स्प्लिंटसह'. नवी ६६, अनवाणी. हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

प्रतिसाद १
त्या ६६ कृती ८८ मधूनच घेतल्या आहेत. त्याच दिवशी अनवाणी नोंदही झाली असेल, तर जुन्या गुणांवरून ६६ चा स्कोअर काढता येईल. विचारून बघा.

धागाकर्ती
विचारलं, अनवाणी नोंद नाहीच. म्हणजे ५८ सोडून द्यायचा. पुढची तपासणी ६६ नेच, याच फिजिओंकडून आणि सकाळी करून घेते, दुपारी ही पेंगते. चाचणी चालू असताना कुणी व्हिडिओ काढलाय का? काढू देतात?