प्रतिसाद: पोरं खरंच विसरतात का?
वर एका भाऊंनी लिहिलंय की निर्वासितांचे पोट्टे जे भोगलं ते लवकर विसरतात, आधी त्यांचे कागद बघा. आपल्या नागपूरच्या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली ना, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा काय काय विसरले ते. पोरगं बोलत नाही, झोपेत दचकतं, मोठं होऊनही अंथरूण ओलं करतं अन् आपण म्हणतो हट्टी आहे! दरवेळी काउन्सेलरच लागतो असं नाही, रोजची शाळा, खेळ, त्याच्या भाषेत बोलणारं कोणी, आईबाप जवळ, यानंच बरेच सावरतात. अन् कागदाचं म्हणाल तर १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, पण संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आपण १९९२ मध्ये स्वीकारलाय, त्यातलं कलम २२ निर्वासित मुलांसाठीच आहे. मग आधार कार्ड नाही म्हणून शाळेची ॲडमिशन काहून अडवायची?