घरी रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेट : प्ले दाबण्याआधी काय करायचं?

रेघोट्या
घरच्या घरी रेकॉर्ड केलेल्या सात कॅसेट आहेत, सगळ्या 1980 ते 1990 मधल्या. गाणी नाहीत. रात्रीच्या गप्पा, मुलांचं पाठांतर, आजीच्या गोष्टी असं सगळं आहे आणि दुसरी प्रत कुठेच नाही. चार कॅसेट बाहेरून चांगल्या दिसतात. एकीची फीत सुरुवातीलाच तुटून आत गेली आहे. एकीत गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसते. एकीतली मधली छोटी गादी निघून डबीत पडली आहे. टेपरेकॉर्डर जुनाच आहे, बरीच वर्षं बंद. थेट लावून पाहावं का? आणि कंप्युटरवर घेताना नेमकं काय चुकतं?

फीतवेल्हाळ
थेट लावू नका. कॅसेट इतकी वर्षं टिकते आणि मग बिघडलेल्या यंत्रात पहिल्याच मिनिटाला चुरगळते. म्हणून आधी यंत्र तपासा, मग कॅसेटकडे वळा.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये रबर आधी जातं. आतला बेल्ट एक तर सैल पडतो किंवा विरघळून काळा, चिकट डांबरासारखा होतो. बेल्ट सैल असेल तर फीत पुढे सरकते, पण ती गुंडाळून घेणारी चकती फिरत नाही. मग फीत बाहेर साठते आणि रबरी रोलरभोवती गुंतते. तुमच्या कॅसेटच्या जागी नको असलेली एखादी कॅसेट लावा आणि निदान दहा मिनिटं चालवा. उजवीकडची चकती न अडखळता फिरतेय का, ते झाकण उघडं ठेवून पाहा.

मग सफाई. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि फीत ओढणारी बारीक चकचकीत दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, 90 टक्के किंवा त्याहून शुद्ध. कानात घालायची कापसाची काडी चालते. काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होऊन तडे जातात. तिथे साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं कापड पुरतं. सगळं नीट सुकल्यावरच कॅसेट लावा.

प्ले दाबण्याआधी आणखी एक काम. कॅसेट उभी धरा, फितीची उघडी बाजू खाली आणि ए बाजू तुमच्याकडे. वर डाव्या कोपऱ्यात जो छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो तो ए बाजूचा. तो शाबूत असेल तर त्या बाजूवर चुकून रेकॉर्ड होऊ शकतं. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो तोडून टाका. कॅसेट उलटून बी बाजूचाही तोडा. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं तर जुना आवाज परत येत नाही.

चांगल्या दिसणाऱ्या चारही कॅसेट आधी षट्कोनी पेन्सिलने एक-दोन फेरे हाताने फिरवून पाहा. हाताला अडखळलं तर यंत्रातही अडखळणारच. मोकळं वाटलं की एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या. वर्षानुवर्षं एकावर एक दाबून राहिलेले फितीचे थर त्याने सुटे होतात. शेजारच्या थरावर उमटलेला आवाजही थोडा फिका पडतो. शांततेत पुढचं वाक्य आधीच अगदी हलकं ऐकू येतं ना, तो हाच.

सहा_स्क्रू
तुटलेल्या फितीबद्दल लिहितो. सुरुवातीलाच तुटली म्हणजे बहुतेक वेळा रेकॉर्ड झालेला भाग तुटलेला नसतो. टोकाला जो पारदर्शक किंवा रंगीत, न वाजणारा तुकडा असतो त्याचा सांधा सुटतो. नाहीतर चकतीत तो तुकडा पकडणारी खुंटी निसटते. म्हणजे आवाज शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे.

कॅसेटला पाच बारीक स्क्रू असतील तर काम सोपं. ती टेबलावर सपाट ठेवा, स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. तिरकं उचललं तर चकत्या उडतात आणि फीत मोकळी सुटते. उघडल्याबरोबर फोटो काढा : फीत कुठल्या रोलरवरून जाते, चकत्यांच्या वर-खाली असलेल्या पातळ गुळगुळीत घसरपट्ट्या कशा बसल्या आहेत, गादीची पत्र्याची पट्टी कुठे आहे. स्क्रू नसतील तर कवच चिकटवलेलं असतं. मग कडेच्या फटीत पातळ पातं हळूहळू चालवून ते उघडावं लागतं. ते कवच परत वापरू नका. स्क्रूवाली एक बिनकामाची कॅसेट घ्या आणि दोन्ही चकत्या तिच्या कवचात बसवा.

सांधा जोडायला साधी चिकटपट्टी कधीही वापरू नका. तिचा डिंक महिन्याभरात कडेने बाहेर येतो, पुढच्या थराला चिकटतो आणि हेडवरही जातो. फितीचे सांधे जोडायची खास पट्टी मिळते, तीच घ्या. कॅसेटची फीत 3.81 मिमी रुंद असते, पट्टी त्याहून किंचित अरुंद हवी. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून एकदमच तिरकी कापा, म्हणजे तोंडाला तोंड बसतं. मग ती न चढवता, फट न ठेवता जुळवा. पट्टी मागच्या बाजूला, म्हणजे हेडकडे तोंड नसलेल्या बाजूला लावा. दीड-दोन सेंटिमीटर पुरे. नखाने घासा, बाहेर आलेली कड कापून टाका.

कापताना हात आखडता ठेवा. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर चालते, म्हणजे पाच सेंटिमीटर कापलं की सेकंदभराचं बोलणं गेलं. तेही दोन्ही बाजूंचं, कारण ए आणि बी एकाच फितीच्या वरच्या-खालच्या अर्ध्या भागात असतात. चुरगळलेला भाग कापू नका, बोटांनी हलकेच सरळ करा. तिथे आवाज क्षणभर दबतो, पण शब्द कळतो.

जोडताना फितीला पीळ पडला तर आवाज दबका आणि उलटा येतो. तसं ऐकू आलं तर लगेच थांबवा.

गादीचं काम सोपं. फीत हेडवर दाबून धरणं एवढंच तिचं काम. ती नसेल तर आवाज पुसट होतो आणि मधेच गायब होतो. जुनी गादी परत चिकटवण्यापेक्षा दुसऱ्या कॅसेटमधली गादी पत्र्यासकट काढून बसवा. गोंद वापरलाच तर अगदी टिपूसभर, तो फेल्टमध्ये मुरला की गादी दगडासारखी होते.

ओलसर_भिंती
बुरशीची कॅसेट आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. ती तुमच्या चांगल्या यंत्रात लावली तर बुरशीचे कण हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जातील.

ओली बुरशी पुसायला जाऊ नका, ती फितीवर पसरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवा. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाली की मास्क लावून, मोकळ्या हवेत कवच उघडा. गुंडाळलेल्या फितीच्या कडा मऊ ब्रशने झाडा. मग फीत हाताने एका चकतीवरून दुसरीवर न्या आणि नेताना धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून हलक्या चिमटीत जाऊ द्या. कापड सतत सरकवत राहा. तासभर लागतो, घाई केली तर फीत ताणली जाते. शेवटी चकत्या स्वच्छ कवचात बसवा, जुन्या घसरपट्ट्या फेकून द्या. पहिल्यांदा ती दुय्यम यंत्रात लावा, पण कंप्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करूनच.

फीत ओव्हनमध्ये गरम करायचा सल्ला कुठेतरी वाचाल. तो काही ठरावीक मोठ्या रिळांसाठी आहे. कॅसेटचं कवच त्याने वाकडं होतं.

रेघोट्या
एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कंप्युटरचं राहिलं. स्पीकरसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं तर? आणि मागचा आवाज फार आहे, तो कसा काढू?

हिस्स
मोबाइल नको, खोलीचा घुमारा त्यात कायमचा बसतो. टेपच्या लाइन-आउटमधून, ते नसेल तर हेडफोनच्या भोकातून, वायर कंप्युटरच्या लाइन-इनला द्या. माइकच्या भोकात दिली तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइल. तीस मिनिटांच्या एका बाजूला साधारण 520 एमबी लागतात. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. घरातलं मोठ्याने हसणं बोलण्यापेक्षा खूप वर जातं, तेच आधी वाजवून पाहा.

आवाज दबका वाटला तर कॅसेटला दोष देण्याआधी हेडचा कोन पाहा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खूण करून ठेवा आणि फीत चालू असताना तो अगदी थोडा इकडेतिकडे फिरवा. ‘स’ आणि ‘श’ सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागेल, कारण रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा कोन वेगळा असू शकतो.

बोलणं पातळ आणि भरभर वाटत असेल, तेही शेवटाकडे जास्त, तर रेकॉर्ड करताना सेल उतरत होते. यंत्र मंद चाललं, म्हणून आज योग्य वेगात ते पळतं. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ने दुरुस्त करा, ‘चेंज टेम्पो’ने नाही, टेम्पोने आवाजाची पट्टी तशीच राहते.

आता मागचा आवाज. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढून त्यावरच प्रयोग करा. ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’साठी नुसत्या खरखरीचा नमुना घेताना सुरुवातीच्या न वाजणाऱ्या तुकड्याचा घेऊ नका, त्यावर फितीची खरखर नसते. कोणी बोलत नाही असा रेकॉर्ड झालेला सेकंदभराचा भाग निवडा. 6 डेसिबलपेक्षा जास्त काढलंत तर माणसं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखी वाटतील.

आणि कृपा करून सगळंच पुसू नका. घरगुती यंत्रं आवाजाची पातळी आपोआप ठरवायची. बोलणं थांबलं की ती मागचं सगळं वर खेचत : दाराची कडी, घड्याळ, कोणीतरी भांडी आवरतंय. त्या वेळचं घर जसं ऐकू यायचं ते एवढंच उरलं आहे. खरखर कमी करा, भांडी राहू द्या.

फाइल तयार झाल्यावर घरातल्या मोठ्यांबरोबर एकदा पूर्ण ऐका आणि मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा : 04:10 आजी, 06:35 शेजारच्या काकू, 11:20 कोण ते माहीत नाही. कॅसेटवरच्या हस्ताक्षराचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कॅसेट फेकू नका, फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळून डबीत उभी ठेवा, स्पीकरपासून लांब.