प्रतिसाद: वाकडा पडदा आणि सायनस

वर कुणीतरी लिहिलंय की सीटी स्कॅनमध्ये नाकाचा पडदा (दोन नाकपुड्यांमधली भिंत) वाकडा दिसला, म्हणजे सायनसच्या त्रासाचं कारण सापडलं. इतकी घाई नको, असं कळकळीनं सांगावंसं वाटतं. नाकाचा पडदा काटेकोर सरळ असलेली माणसं कमीच.

खरा प्रश्न निचऱ्याचा असतो. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. गालामागच्या सायनसचं तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस आतला स्राव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर ढकलत त्या तोंडाशी नेतात (शरीराची ही करामत मला अजूनही थक्क करते). तिथून पुढची वाट फार अरुंद. मधल्या टर्बिनेटमध्ये (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या हाडाच्या उंचवट्यात) हवेची पोकळी असली, म्हणजे कोंका बुलोसा, किंवा डोळ्याच्या खोबणीखाली हॅलर सेल ही हवेची छोटी जादा पोकळी असली, तर ही वाट आणखी आवळली जाऊ शकते. त्यात ॲलर्जीची सूज आली की निचरा तुंबतो.

पण रचनेतले हेच फरक काहीही त्रास नसलेल्यांच्या स्कॅनमध्येही सर्रास दिसतात. म्हणून आकार, नेमकी जागा आणि बाजू बघावी: त्रास उजवीकडे नि कोंका बुलोसा डावीकडे, तर संबंध कसा जोडणार?

शस्त्रक्रिया ठरली तर मात्र स्कॅन बारकाईनं वाचायलाच हवा. ओनोडी सेल, म्हणजे नाकाच्या मागच्या भागातली हवेची छोटी पोकळी, डोळ्याच्या नसेला अगदी खेटून असू शकते.