दिवसाला पावणेसात रुपये कुणाला जड?

सातपूरकर: काल इथे मोबाइल रिचार्जच्या दरवाढीवर एकाने लिहिलं, "१८९ रुपयांत २८ दिवस, म्हणजे रोजचे पावणेसात. एक कटिंग सोडा आणि रडगाणं थांबवा." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझी आई दिंडोरी तालुक्यात एकटी राहते. बटणांचा फोन, नेट नाही. गेल्या महिन्यात रिचार्ज संपला, माझ्याही लक्षात राहिलं नाही, आणि काही दिवसांत येणारे मेसेजही बंद झाले. गॅसची गाडी दारात आली, कोड मागितला. कोड आलाच नव्हता. टाकी परत गेली, आई चार दिवस चुलीपुढे. तिला मेसेज पाठवायचा नाही हो, नुसता यायला हवा! २०१८ च्या अखेरीस एअरटेल-व्होडाफोनचा किमान रिचार्ज ३५ रुपयांचा होता. जुलै २०२४ मध्ये जिओचा १५५ चा १८९ झाला, एअरटेलचा १७९ चा १९९. न वापरलेल्या दोन जीबी नेटचे पैसे तिने का भरायचे?

गंगापूर रोडवाला: ते मीच लिहिलं होतं. पूर्वी एसएमएस पॅक मारूनही दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला प्रत्येक मेसेजचे वेगळे पैसे कापले जायचे, विसरलात? टॉवर, स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइलच्या लहरी, फुकट येत नाहीत. दरयुद्धात आणि कर्जात एअरसेल ही मोबाइल कंपनी बुडाली. आणि नेटशिवायचे प्लॅन द्या असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंच आहे. जिओचा ४४८ चा आला: ८४ दिवस, हजार एसएमएस. आईला तो मारा, विषय संपला.

द्राक्षबाग, निफाड: दराचं सोडा, आधी या २८ दिवसांचं बोला. वर्षात महिने बारा, रिचार्ज तेरा! दुधाचं, किराण्याचं, मुलांच्या क्लासचं बिल कुणी २८ दिवसांचं मागतं का? तेराव्या महिन्याचे पैसे सरळ खिशातून जातात.

पंचवटीकर: ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवा, असं ट्रायने २०२२ मध्येच सांगितलंय.

द्राक्षबाग, निफाड: एक! आमच्या गावातल्या दुकानदाराला विचारा, तो २८ चाच मारून देतो. छाटणीच्या दिवसांत तारखा कोण लक्षात ठेवणार? शिवाय नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा तर १९०० वर एसएमएस पाठवावा लागतो, आणि स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएसच नसायचा. म्हणजे जायची वाटच बंद. माझे त्यात दोन महिने गेले. ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कान धरला तेव्हा कुठे ते सुटलं.

गंगापूर रोडवाला: पोर्टिंगचा इथे काय संबंध? ज्याला त्याला आपलंच गाऱ्हाणं. ३६५ दिवसांचेही प्लॅन आहेत, एकदाच भरा.

द्राक्षबाग, निफाड: एकदाच भरायला हातात एकदम पैसे लागतात, साहेब. बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही व्यापाऱ्याने दिला तर. गंगापूर रोडवर बसून हे कळायचं नाही.

गंगापूर रोडवाला: तोंड सांभाळून बोला. माझे वडील मखमलाबादला मळ्यात राबले आहेत.

पंचवटीकर: भांडू नका, हिशेब बघा. ४४८ ला तीनने भागलं की २८ दिवसांचे साधारण १४९ पडतात. १८९ पेक्षा चाळीस कमी. पण नेट न वापरणाऱ्याला हे आपणहून कुणी सांगत नाही. मी स्वतः शिक्षिका होते, तरी मला भाच्याने सांगितलं. माझे सहा महिने १८९ नेच गेले.

सातपूरकर: ताई, हे मलाही माहीत नव्हतं. ४४८ चं यांचं बरोबर आहे, मान्य करावं लागतंय. आईचा रिचार्ज १९ तारखेला संपतोय, तोच मारतो. पण रोजंदारीवरची बाई एकदम ४४८ कुठून काढणार? २८ दिवसांचा, नेटशिवायचा, शंभराच्या आतला प्लॅन हवा. येणाऱ्या मेसेजवर तिचं रेशन, गॅस, पेन्शन अडतं. आणि कटिंगचं वाक्य तुम्ही मागे घ्या.

गंगापूर रोडवाला: कटिंगचं मागे घेतो. आईंचं चुलीचं वाचून वाईट वाटलं. दरवाढ चुकीची होती हे मात्र मी म्हणणार नाही.